दुसऱ्या पाळीचा बाप

वणीहून राजूरकडे निघालं की रस्त्याकडेच्या झाडांचा रंग बदलत जातो. कोळशाच्या ट्रकांनी पानं काळपट केलेली असतात आणि चुनाभट्ट्या जवळ आल्या की त्याच पानांवर पांढरी भुकटी दिसायला लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला जमिनीत कोळसाही आहे आणि चुनखडीही. म्हणून इथे खाण आली, भट्ट्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग माणसं आली. तेलुगू बोलणारी, छत्तीसगढी बोलणारी, उत्तरेकडची हिंदी बोलणारी आणि आसपासच्या खेड्यांतली आपली वऱ्हाडी. गावाचं नाव राजूर, पण पंचक्रोशीत कोणालाही विचारा, 'राजूर कॉलरी' असंच सांगेल.

ही माणसं इथे आली ती बहुतेक करून बाप म्हणून आली. लेकरांच्या तोंडी दोन घास पडावेत, त्यांनी शिकावं, आपल्यासारखं होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी आपापली गावं सोडली. त्यांच्या मजुरीवर, युनियनवर, अपघातांवर बोललं गेलं आहे, अजून पुष्कळ बोललं जायला हवं. त्यांच्या बापपणावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. हे पुस्तक त्यावर आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. लेकराच्या आयुष्यात बाप असणं म्हणजे फी भरणं, दप्तर आणून देणं आणि प्रगतिपुस्तकावर सही करणं, एवढंच आपण धरून चाललो आहोत. आंघोळ घालणं, भरवणं, वेणी घालणं, ताप आला तर उशाशी बसून रात्र काढणं, हे रोजचं हातचं काम बापाचंही आहे. आईला मदत म्हणून नव्हे, त्याचं स्वतःचं म्हणून. आणि पाळ्यांमध्ये जगणाऱ्या राजूरसारख्या गावाला हे जितकं जमण्यासारखं आहे, तितकं नागपूर-पुण्यातल्या दहा ते सात नोकरी करणाऱ्या साहेबालाही जमण्यासारखं नाही.

आपल्याकडे बाप कागदावर नेहमीच हजर असतो. लेकराच्या नावामागे त्याचं नाव, त्यामागे त्याचं आडनाव. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडे तो आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांसाठी बंधनकारक केलं. फार चांगलं झालं. जिने सगळं केलं तिचं नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागली. पण याची दुसरी बाजूही पाहायला हवी. आई कामात होती आणि कागदावर नव्हती. बाप कागदावर होता आणि कामात नव्हता. पहिली चूक सरकारी आदेशाने दुरुस्त होऊ शकते. दुसरीसाठी आदेश काढता येत नाही. पोरगं कितवीत आहे असं कोणी विचारलं की बाप आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारतो, "अवं, कितवीत हाय हे पोट्टं?" हे दृश्य राजूरलाच दिसतं असं नाही, मुंबईच्या फ्लॅटमध्येही दिसतं.

हे असंच पूर्वापार चालत आलेलं आहे, असं आपण समजतो. मला ते खरं वाटत नाही. कपाशीच्या शेतात राबणाऱ्या बापाचं काम लेकराच्या डोळ्यांसमोर असायचं. पोरगं धुऱ्यावर बसून त्याला बैल हाकताना बघायचं, थोडं मोठं झालं की डवऱ्यामागे चालायचं. बाप काय करतो, कसा थकतो, कशावर चिडतो, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. खाणीने हे तोडलं. कोळसा जमिनीखाली, बापही जमिनीखाली. अठरा वर्षांखालच्या कोणालाही खाणीत कामाला लावता येत नाही, आणि हा कायदा योग्यच आहे, त्यात तिळमात्र शंका नाही. पण त्याचा एक परिणाम असा की खाणकामगाराच्या लेकराने आपल्या बापाला काम करताना कधी पाहिलेलंच नसतं. त्याला बाप दिसतो तो निघताना आणि परतल्यावर झोपताना.

त्याही आधीची एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या कोळसा खाणींत नवरा-बायको जोडीने काम करत. त्याने कोळसा फोडायचा, तिने टोपलीत भरून वाहायचा. १९२९च्या नियमांनी बायकांना खाणीच्या आत पाठवणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं आणि १९३७ साली पूर्ण बंदी आली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ साली ती उठवली गेली आणि १९४६ साली पुन्हा लागू झाली. त्या काळात केंद्रात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४३च्या डिसेंबरात ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले होते. बायकांना त्या अंधारातून बाहेर काढणं गरजेचंच होतं. पण खाण पुरुषांची आणि घर बायकांचं ही वाटणी कोळशाच्या पट्ट्यात जी पक्की झाली, ती या काळापासून. ती देवाने केलेली नाही. तिचे सनावळीसकट दाखले आहेत, म्हणून ती बदलताही येते.

आता पाळीचं बोलू, कारण राजूरचं सगळं जगणं तिच्याभोवती फिरतं. कॉलरीत कोणी 'नोकरीवर गेला' म्हणत नाहीत, 'डुटीवर गेला' म्हणतात. पहिली पाळी सकाळची, दुसरी दुपारनंतरची, तिसरी रात्रीची. आठवडा बदलला की पाळी बदलते आणि पाळी बदलली की घराचं घड्याळ बदलतं. रात्रपाळीच्या आठवड्यात घरात कुजबुजत बोलायचं, कारण बाबा झोपलेत. टीव्हीचा आवाज बंद, अंगणात खेळायचं नाही, कुकरची शिट्टी झाली तरी आईच्या कपाळाला आठी. लेकरांच्या मनात बाप म्हणजे ज्याच्यासाठी गप्प बसायचं तो माणूस, अशी गाठ तिथेच बसते. त्यात बापाचा दोष नसतो. आठ तास जमिनीखाली काढून आलेल्या माणसाला झोप हवीच. पण त्या झोपेनंतर दुपारी तीन-चार वाजता तो उठतो, तेव्हा लेकरं शाळेतून यायची वेळ झालेली असते. शहरातल्या कोणत्या बापाला ही वेळ मिळते?

दुसऱ्या पाळीचा बाप तर सकाळभर घरी असतो. लेकरू उठतं तेव्हा तो घरी, शाळेत जातं तेव्हा घरी. त्या दोन-तीन तासांत काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो चौकात टपरीवर जाऊन बसतो. आळशी म्हणून नव्हे. घरातल्या सकाळच्या धांदलीत त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नसते. बायको म्हणते, तुम्ही बाजूला व्हा, उगाच मधेमधे करू नका. तो बाजूला होतो, आणि पुढची दहा वर्षं बाजूलाच राहतो.

एक बाप मात्र बाजूला झाला नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. बायको बाळंतपणात आजारी पडली आणि थोरलीच्या शाळेचं त्याच्यावर आलं. पोरीचे केस लांब आणि शाळेत दोन वेण्या, रिबिनी बांधून, हा नियम. पहिल्या दिवशी भांग वाकडा गेला. कंगवा अडकला की तो ओढायचा आणि पोर ओरडायची. मग शेजारच्या आजीने शिकवलं: आधी केसांना तेल, मग खालून विंचरत वर यायचं, गुंता हाताच्या बोटांनी सोडवायचा, कंगव्याने नाही. कोळशाने त्याच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या, तळव्याला घट्टे. त्या हातांना तीन पेड धरून एकसारखी ओढ ठेवायची म्हणजे अवघड काम. जास्त ओढलं तर डोकं दुखतं, ढिलं सोडलं तर मधल्या सुट्टीपर्यंत वेणी सुटते. आठवडाभरात त्याला जमायला लागलं. पण माझ्या मते खरी गोष्ट वेणीच्या पलीकडची आहे. केस विंचरून घ्यायला पोरीला पाठमोरं बसून पंधरा मिनिटं हलता येत नाही. त्या पंधरा मिनिटांत ती बोलायला लागली. कोणत्या बाईंनी काय म्हटलं, कोणती मैत्रीण आता बोलत नाही, पाढे विचारले की पोटात कसं होतं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर तिने यातलं एकही सांगितलं नसतं. बायको बरी झाली तरी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वेणी त्याच्याकडेच राहिली.

हातचं काम म्हणतो ते हे. मुलाशी बोला, त्याला वेळ द्या, असा उपदेश बापाला सगळेच करतात, आणि बाप बिचारा लेकराला पुढ्यात बसवून विचारतो, "काय, अभ्यास कसा चाललाय?" लेकरू म्हणतं, "चांगला." संपलं. हाताला काम असलं की बोलणं आपोआप येतं.

आपल्या इतिहासात अशा बापाचा सगळ्यात मोठा दाखला शोधायला दूर जावं लागत नाही. राजूर-वणी भागातल्या घराघरांत ज्यांचं छायाचित्र भिंतीवर आहे, त्यांच्याच घरी तो आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातल्या शाळेत शिक्षक होते. बायको भीमाबाई लवकर गेली. पुढे मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच चूल, त्यातच सगळ्यांची झोप. भीमाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजींनी केलेली व्यवस्था बाबासाहेबांच्या चरित्रांत नोंदलेली आहे: मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, दोनला त्याला उठवायचं आणि मग आपण त्या जागी आडवं व्हायचं. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जायचं, त्यांचा दागिना मागून गहाण ठेवायचा आणि पेन्शन आली की सोडवून आणायचा. इंग्रजीचे पहिले धडे, भाषांतराचा सराव, हे रामजींनी स्वतः बसून करून घेतलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

रामजींचं मोठेपण आपण त्यागाच्या खात्यात टाकतो आणि मोकळे होतो. मला त्यात पाळी दिसते. एका खोलीत दोघांनी झोपेच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि रात्री दोनची वेळ पाळणारा बाप होता. ज्या बापाला मध्यरात्री डुटीवर जायची सवय आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. १९१३च्या फेब्रुवारीत वडील अत्यवस्थ असल्याची तार मिळाली आणि भीमराव बडोद्याहून निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा रामजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि थोड्या वेळाने गेले. २ फेब्रुवारी १९१३. इतका विद्वान मुलगा, आणि वडील अखेरच्या घटका मोजत असतानाही त्यांच्यासाठी खाऊ घ्यायला उतरतो. बाप कसा होता हे मला यावरून कळतं.

मराठी वाचकाच्या मनावर 'श्यामची आई'चं राज्य आहे आणि ते योग्यच आहे. बापावरचं तितकंच लोकांच्या घरात गेलेलं पुस्तक यायला १९९३ साल उजाडावं लागलं; नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही'. तोही कष्टकरीच बाप, मुंबईतला. त्याआधी दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये मुंबईच्या गोदीत राबणारा आणि दारूत बुडालेला बाप येऊन गेला होता. दोन्ही बाप खरे आहेत. आपल्या वस्त्यांमध्ये दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

शास्त्राचं थोडक्यात सांगतो, कारण बापपण हे काही शहरी फॅड आहे असं कोणाला वाटू नये. मायकेल लॅम्ब या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली एक लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातच बापांना बालविकासातले विसरले गेलेले वाटेकरी म्हटलं. तोवर लेकराचं मन म्हणजे आई, एवढाच हिशेब होता. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात तरुण पुरुषांचा काही वर्षं पाठपुरावा करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाप झालेल्या पुरुषांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन खाली आलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ लेकरांचं करत होते त्यांच्यात ते सगळ्यात कमी होतं. म्हणजे लेकरू सांभाळण्यासाठी पुरुषाचं शरीरही स्वतःला बदलून घेतं. मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांमध्ये तर बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळाच्या हाताच्या अंतरावर असतो. आपल्या देशाचं चित्र सरकारच्याच २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणात आहे: १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के जणी घरातल्या माणसांची काळजी घेण्याचं काम करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. करणाऱ्यांतही बाईची १४० मिनिटं, पुरुषाची ७४.

भट्टीवरच्या बापाबद्दल लिहायला मला जड जातं. कॉलरीतल्या कायम कामगाराला निदान पगार आहे, रजा आहे, दवाखाना आहे. चुनाभट्टीवरचा मजूर रोजंदारीचा. त्याची सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवशीचा पैसा गेला. बरेचदा नवरा-बायको दोघंही भट्टीवर, आणि लेकरं तिथेच धुळीत. लेकराजवळ तो दिवसभर असतो, पण त्याच्याकडे बघायला त्याला फुरसत नाही. त्याला 'लेकराला वेळ द्या' म्हणणं निर्दयपणाचं आहे. त्याला आधी पाळणाघर द्या. देशात खाणींतल्या पाळणाघरांचे नियम १९६६ साली आले, पण ते बायका कामाला असतील तिथले. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आली, रजा २६ आठवड्यांची झाली. बापाचं नाव त्या दुरुस्तीत नव्हतं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना लेकरू झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. भट्टीवरच्या बापाला बायकोच्या बाळंतपणात खाडा पडतो.

दारूबद्दल न बोलता पुढे जाणं म्हणजे खोटं बोलणं होईल. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. वर्धा जिल्हा तर त्याच्याही कितीतरी आधीपासून कोरडा. मधल्या आपल्या पट्ट्यात दारू मिळत राहिली. पगाराच्या दिवशी बायको खाणीच्या गेटवर का उभी राहते, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. तेव्हा हे पुस्तक 'कसाही असो, बाप हवाच' असं म्हणत नाही. ज्या बापाच्या पावलांचा आवाज आला की लेकरं पलंगाखाली शिरतात, त्याने आधी आपलं पिणं आणि हात उचलणं थांबवावं, वेणी-फणी नंतर. आणि ज्या घरांत बाप नाही, कर्जाने गेला, खाणीने गेला, आजाराने गेला, त्या घरांतली लेकरं अपुरी नाहीत. या जिल्ह्याने अशा कितीतरी माउल्या पाहिल्या आहेत ज्यांनी एकटीने संसार ओढला. तिथे मामा, आजोबा, काका, एखादे गुरुजी यांनी पुढे व्हावं, एवढंच. बापपण रक्तातून येतं त्याहून जास्त ते रोज हजर राहण्यातून येतं.

कॉलरीत एक शब्दप्रयोग आहे: 'बापाच्या जागी लागला'. काम करताना बाप गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते, कोळसा वेतन करारात तशी सोय आहे. घर त्यावर उभं राहतं, म्हणून त्या सोयीची किंमत मी जाणतो. पण तशा जागी लागलेली पोरं बोलायला लागली की एक गोष्ट जाणवते. बापाचा नंबर, बापाचं सेक्शन, बापाचे सोबती, सगळं त्यांना मिळालेलं असतं. बाप कसा होता हे ते त्याच्या सोबत्यांकडून ऐकतात. खाली उतरल्यावर तो गाणं म्हणायचा, हे पोराला तिथे कळतं. घरी त्याने कधी म्हटलंच नव्हतं. माझी इच्छा एवढीच आहे की लेकरांना आपला बाप जिवंतपणी, घरच्या घरी कळावा.

हे पुस्तक बापांनीच वाचावं असं नाही. बायकांनी वाचताना एक करावं: नवऱ्याने घातलेली वेणी वाकडी असली तरी ती सोडून पुन्हा घालू नये. पोर तशीच शाळेत जाऊ द्यावी. सासूबाईंनी, पोराच्या हाती तान्हं लेकरू दिसलं की 'बाई असून नवऱ्याला कामाला लावलं' हे वाक्य गिळून टाकावं. आणि शाळेतल्या गुरुजींना, अंगणवाडीच्या ताईंना माझी विनंती आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, समितीत निम्म्या बायका असाव्यात असं म्हटलं. समितीवर बाप येतात, फोटोतही येतात. पालकसभेला मात्र आयाच बसलेल्या असतात. सभेची वेळ ठरवताना कॉलरीचा पाळ्यांचा तक्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. सकाळी दहाची सभा ठेवली तर दुसऱ्या पाळीचे बाप येऊ शकतात, रात्रपाळीचेही घरी पोचलेले असतात, फक्त झोपायच्या आधी त्यांना गाठावं लागेल. पहिल्या पाळीवाल्यांना त्या वेळी जमणार नाही. त्यांची पाळी पुढच्या आठवड्यात बदलते, तेव्हा त्यांच्यासाठी सभा पुन्हा घ्यावी.